मदत हवी आहे: बूटस्ट्रॅपमधलं (एकाच नमुन्यातून पुन्हा पुन्हा नमुने काढायच्या पद्धतीतलं) ‘सरकवणं’ मुलांना कसं दाखवावं?

रत्नागिरीत एफवायच्या मुलांसाठी. 12 हापूसची वजनं चिठ्ठ्यांवर लिहायची, डब्यातून 12 वेळा चिठ्ठी काढायची, दर वेळी परत टाकायची. परत टाकली नाही तर तेच 12 आंबे, तीच सरासरी. हे पटकन कळतं. मग स्प्रेडशीटवर 1000 फेऱ्या, सरासऱ्या चढत्या क्रमाने लावून 25वी ते 976वी, म्हणजे साधारण 95 टक्के अंतराल (खरी सरासरी जिथे असावी तो पट्टा). (प्रत्येक एंटरला रँड फंक्शनचे यादृच्छिक आकडे बदलतात, आधी व्हॅल्यू पेस्ट कराच.)

घोळ पुढे होतो. या 1000 सरासऱ्यांचा आलेख नमुन्याच्या सरासरीभोवती असतो, तरी ‘सरासरी 250 ग्रॅम आहे का?’ याची पी-व्हॅल्यू (सरासरी खरंच 250 असती तर इतका किंवा याहून जास्त फरक योगायोगाने येण्याची शक्यता) मुलं त्यावरूनच काढतात. खरं तर आधी सगळी वजनं सारखीच सरकवून सरासरी 250 वर आणायला हवी. हे चिठ्ठ्यांनी कसं दाखवता? आणि 12 आंब्यांत अंतराल जरा अरुंदच येतो. 30 घ्यावेत का?