व्हायरल तापात पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक: हवं की नको?

पारावरचा: कणकण आली, घसा धरला की चिठ्ठीवर अझिथ्रो ५०० (अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक) ठरलेली. विषाणूवर ती चालत नाही हे डॉक्टरांना ठाऊक असतं, तरी 'वरून इन्फेक्शन नको' म्हणून देतात. हे 'वरून' होतं किती जणांना? जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये आकडे दिले: कोविडने इस्पितळात दाखल झालेल्यांपैकी जिवाणूसंसर्ग सुमारे ८ टक्क्यांना, अँटिबायोटिक मात्र ७५ टक्क्यांना. घरच्या घरी उतरणाऱ्या तापात ही गोळी बंदच व्हावी.

तालुका_दवाखाना: टक्केवारी शहरात शोभते. १९१८ च्या साथीत फ्लूने श्वासनलिकेचं अस्तर सोललं, मागून न्यूमोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस हे जिवाणू घुसले. बहुतेक माणसं त्या न्यूमोनियाने गेली. माझ्याकडे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखायची तपासणी, होत नाही. ऊसतोडवाला उद्या दुसऱ्या फडावर असतो, 'परवा दाखवायला या' कुणाला सांगू?

लॅबवाली: १९१८ ला पेनिसिलिनच नव्हतं हो. आणि आज दिलेली गोळी आठवड्याने होणारा न्यूमोनिया अडवते असं कुठे दिसलंय? 'रिकव्हरी' या ब्रिटनमधल्या मोठ्या औषधचाचणीत दाखल कोविड रुग्णांना अझिथ्रोचा फायदा झाला नाही. साधे जिवाणू मरतात, उरतात ते निगरगट्ट. लॅबमध्ये जंतू वाढवतो त्या प्लेटवर औषधाच्या चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसायला हवं, म्हणजे औषध लागू पडतंय. हल्ली क्लेबसिएला हा जिवाणू कैकदा चकतीला खेटून वाढलेला असतो, एकेका प्लेटवर चार-चार चकत्यांना. आयसीयूतल्या माणसाला हा जंतू लागला की डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरत नाही.

कडूकारले: सगळे गोळीच्या मागे. २०२१ मधला म्युकर विसरलात? ती बुरशी. वाढलेली साखर आणि त्यावर स्टेरॉइडचा मारा. अँफोटेरिसिन या बुरशीवरच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक गावोगाव वणवण फिरत होते. आधी स्टेरॉइडवर बोला.

तालुका_दवाखाना: स्टेरॉइडबद्दल मान्य, साध्या तापात मी देतच नाही. पण ताप उतरून पुन्हा चढला, बेडका पिवळा झाला, तर हात बांधून बसू?

लॅबवाली: पिवळा बेडका एकटा पुरावा नाही, व्हायरलमध्येही होतो. पण उतरलेला ताप परतला, धाप लागली, ऑक्सिजन घसरला तर जरूर द्या, तेही अमॉक्सिसिलिन. माझा विरोध पहिल्या दिवसाच्या गोळीला आहे.

तालुका_दवाखाना: फडावर ऑक्सिमीटर कोण नेणार, ताई? मुकादम धापेसाठी सुट्टी देत नाही. ज्याला परत येता येतं त्याला थांबायला सांगेन. बाकीच्यांची चिठ्ठी आहे तशीच राहील.