मदत हवी आहे: पॉलिमर क्लेची कानातली तुटताहेत, चांदीचे हुक काळे पडताहेत

सोनचाफी
पॉलिमर क्लेची लटकन करते, वर ९२५ चांदीचे (९२.५ टक्के चांदी असलेले) हुक. तीन त्रास आहेत. लटकन कडीच्या भोकापाशी तुटतात, टॉप्सच्या मागची दांडी निखळते आणि हुक थोड्याच दिवसांत पिवळट, मग काळे होतात. भाजणं व्यवस्थित आहे, पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच. रविवारी एरंडवण्यात प्रदर्शन आहे, ४० जोड मांडायचेत. "दुसरी क्ले घ्या" असं कृपया सांगू नका, आता तेवढा वेळ नाही. आहेत तेच जोड वाचवायचेत. काय करू?

भट्टीवाला
कुठली क्ले? जाडी किती? ओटीजी की मायक्रोवेव्हचा कन्व्हेक्शन मोड? किती अंश, किती मिनिटं? आत वेगळा थर्मामीटर ठेवता का? दांडी कशाने चिकटवली आहे? एवढं सांगा, त्याशिवाय अंदाजपंचे उत्तर द्यावं लागेल.

गौरी_बिबवेवाडी
ताई, एअर ड्राय क्ले घ्या ना, भाजायची कटकटच नाही. मैदा नाही, कॉर्नफ्लोअर आणि फेविकॉल सम प्रमाणात, एक चमचा लिंबाचा रस, एक चमचा बेबी ऑइल. मंद आचेवर गोळा होईपर्यंत ढवळायचं आणि गार झाल्यावर मळायचं. दोन दिवसांत कडक होते.

भट्टीवाला
गौरीताई, ती कोल्ड पोर्सिलेन. पावसाळ्यात पुण्याच्या हवेत ती ओल धरते, आणि घामाने मऊ पडते. कानातल्यांना ती घ्यायची तर सगळीकडून सीलर लागतो, भोकाच्या आतूनसुद्धा. शिवाय त्यांनी दुसरी क्ले नको म्हटलंय.

गौरी_बिबवेवाडी
दोन हात वार्निश दिलं की काही होत नाही. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनाही उपयोग होईल म्हणून लिहिलं.

सोनचाफी
ओटीजी. ११० ला अर्धा तास. जाडी नेहमीची. दांडी इन्स्टंट ग्लूने. थर्मामीटर कशाला, ओव्हनच्या बटणावर आकडे आहेत की.

चांदीवेडा
चांदी आणि क्ले दोन्ही आहे तर सरळ सिल्व्हर मेटल क्लेकडे वळा. चांदीची भुकटी आणि सेंद्रिय बंधक यांचा लगदा असतो, मातीसारखाच हाताळायचा. वाळवून भाजला की बंधक जळून जातो आणि शुद्ध चांदी उरते. आर्ट क्ले सिल्व्हर ६५० नावाचा प्रकार ६५० अंशांना अर्धा तास भाजतात. आकसते ८ ते १० टक्के, तेवढं माप मोठं धरायचं.

भट्टीवाला
६५० अंश ओटीजीत कुठून आणणार? त्याला किल्न, म्हणजे मोठ्या तापमानाची भट्टी लागते किंवा छोट्या तुकड्याला गॅसच्या ज्योतीचा टॉर्च. इथे प्रश्न ४० तयार जोडांचा आहे.

चांदीवेडा
टॉर्चने २५ ग्रॅमपर्यंतचा तुकडा आरामात होतो. रविवारसाठी नाही, पुढच्या प्रदर्शनासाठी सांगतोय. चांदीच्या तारेवर प्लॅस्टिकची माती लटकवण्यापेक्षा अख्खा दागिना चांदीचा झाला तर भावही चांगला येतो.

मृद्गंधा
भावाचं नंतर बघू. सोनचाफी, "नेहमीची जाडी" म्हणजे किती मिलिमीटर? आणि ब्रँड अजून सांगितला नाहीस. फिमोच्या पाकिटावर ११० अंश, ३० मिनिटं असतं. स्कल्पी प्रीमोवर १३० अंश, दर ६ मिलिमीटर जाडीला ३० मिनिटं. सर्निटवर ११० ते १३०. तू ११० म्हणतेस म्हणजे फिमो, असं धरू का?

सोनचाफी
पांढरी फिमो, रंग प्रीमोचे. मिसळून घेते, छटा छान येतात. जाडी २ मिमी. भोक कच्च्या क्लेत टूथपिकने पाडते.

मृद्गंधा
मग दुखणं इथेच आहे. मिसळलेल्या गोळ्यात निम्मी क्ले १३० ची आणि भाजतेस ११० ला. प्रीमोचा भाग कच्चा राहतो. दिसायला कडक, पण आतून जोडलेला नाही. पॉलिमर क्ले म्हणजे पीव्हीसी प्लॅस्टिकची पूड आणि ती मऊ ठेवणारं द्रव्य, प्लॅस्टिसायझर. पुरेशा उष्णतेने ते कण फुगून एकमेकांत विरघळले की मगच चिवटपणा येतो, नुसतं वाळून येत नाही. तुटलेली कड भिंगाखाली बघ. बिस्किटासारखी भुसभुशीत, खडबडीत दिसली तर अर्धवट भाजलेलीच आहे.

आणि बटणावरच्या आकड्यावर विसंबू नकोस. ओटीजीचा थर्मोस्टॅट कॉइल चालू-बंद करत तापमान सांभाळतो, त्यात १५-२० अंशांचा हेलकावा सहज असतो. कॉइलजवळ जास्त, दाराजवळ कमी. साधा ओव्हन थर्मामीटर टाइलच्या उंचीवरच ठेव, खालच्या तळाला नको.

पेशवेपार्क
भाजलेली क्ले पुन्हा भाजली तर जळते ना? एकदा थंड झाली की संपलं, असं ऐकलंय.

मृद्गंधा
नाही, पुन्हा भाजता येते, कितीही वेळा. थर चढवून काम करणारे प्रत्येक थरानंतर भाजतात. मर्यादा तापमानाची आहे, वेळाची नाही. १७५ च्या पुढे गेलं की पीव्हीसीचं विघटन व्हायला लागतं आणि हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू सुटतो. तसा वास आला तर ओव्हन बंद, खिडक्या उघड्या, आणि खोलीबाहेर.

सोनचाफी
म्हणजे सगळे ४० पुन्हा भाजू? पांढरा पिवळा पडला तर?

भट्टीवाला
भाजा, पण आधी नमुना. त्याच मिश्रणाची २ मिमी जाड, ५ सेंमी लांब पट्टी करा. ओव्हन २० मिनिटं आधी तापवा. थर्मामीटरवर १२५ ते १३० च्या दरम्यान स्थिरावला की पट्टी ४५ मिनिटं. १३० च्या वर जायचं नाही, फिमोला तेवढीच कमाल सांगितलेली आहे. पूर्ण गार झाल्यावर हलकी वाकवा. न तडकता वाकून परत सरळ झाली पाहिजे. गरम असताना कुठलीही क्ले लवचिकच वाटते, तेव्हा घेतलेली परीक्षा फसवी.

पिवळेपणा कॉइलच्या थेट धगीने येतो. सिरॅमिक टाइलवर साधा कागद, त्यावर दागिने, वर अॅल्युमिनियमचा पार्सलचा डबा उपडा घाला. कागद नसला की टाइलला टेकलेली बाजू चकाकते आणि डाग दिसतो.

मृद्गंधा
एक क्रम महत्त्वाचा. भाजण्याआधी हुक आणि कड्या काढून ठेव. निखळायला आलेल्या दांड्याही ओढून काढ, जुना ग्लू ब्लेडने खरवडून टाक. तो ग्लू गरम झाला की त्याची वाफ डोळ्यांना झोंबते. भाजणं झालं, गार झालं, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने क्लेचा पाठभाग आणि दांडीची चकती दोन्ही खरखरीत कर. सर्जिकल स्पिरिटने पूस. मग दोन ट्यूबवाला इपॉक्सी. २४ तास हात लावायचा नाही. पाच मिनिटांत सुकणारा घेऊ नकोस, तो तुलनेने कमकुवत असतो. इन्स्टंट ग्लू ताण सोसतो, पण आडवा धक्का सोसत नाही. फिरकी घट्ट बसवताना नेमका तोच धक्का बसतो.

पुढच्या वेळी चकती कच्च्या क्लेतच दाबायची, तिच्यावर लिक्विड क्लेचा (पातळ, द्रवरूप पॉलिमर क्लेचा) थेंब, वरून दांडीपुरतं भोक ठेवलेला पातळ चकतीचा थर, आणि एकत्र भाजायचं. मग निखळायचा प्रश्नच येत नाही.

टिकलीवाली
भाजून झाल्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्या, तुटणंही कमी होतं आणि चकाकीही येते. स्वस्त आणि मस्त.

मृद्गंधा
नेलपॉलिश अजिबात नको. त्यातलं सॉल्व्हंट क्लेच्या प्लॅस्टिसायझरशी भिडतं आणि पृष्ठभाग चिकट होतो, कधी लगेच, कधी काही महिन्यांनी. एरोसोलच्या बऱ्याच स्प्रे वार्निशांचंही तेच. पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन वार्निश किंवा यूव्ही रेझिन (अतिनील दिव्याखाली कडक होणारं) चालेल.

टिकलीवाली
माझ्या माहितीत नेलपॉलिश लावलेले दागिने दोन वर्षं सुस्थितीत आहेत.

मृद्गंधा
काही ब्रँडना लगेच होत नाही. पण विकायच्या मालावर ती जोखीम घेऊ नये. गिऱ्हाइकाच्या कपाटात ते एकमेकांना चिकटले तर परत कोण घेणार?

पेशवेपार्क
तुळशीबागेत मिळतात ती ऑक्सिडाइज्ड कानातली चांदीचीच असतात का? काळी दिसतात म्हणून विचारतोय.

आळीतला_कारागीर
बहुतेक जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकेल, जस्त. चांदीचा अंशही नसतो. निकेलने ज्यांच्या कानाला खाज येते, पाणी सुटतं, त्यांनी ती घालू नयेत. चांदीवरचा ऑक्सिडाइज्ड काळा रंग मुद्दाम गंधकाच्या संयुगाने आणतात आणि उंचवटे घासून उजळतात.

मूळ प्रश्नाबद्दल: हुक पिवळट होताहेत म्हणजे ते ९२५ नाहीतच. पितळेवर मुलामा असणार.

रसायनी
एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. सिल्व्हर सल्फाइडचा थर अगदी पातळ असताना पिवळसर तपकिरीच दिसतो, वाढत गेला की काळा होतो. खरी ९२५ सुद्धा आधी पिवळीच पडते.

आळीतला_कारागीर
मान्य, पण बाजारात शिक्क्याविना "९२५" म्हणून काय काय विकलं जातं ते रोज बघतो. हुकाचं टोक कानशीने दोन घासे घासा. आतून पिवळं धातू दिसलं तर पितळ, लालसर दिसलं तर तांबं. पांढरंच राहिलं तर पुढचं बघू. लोहचुंबक उपयोगाचा नाही, पितळ आणि जर्मन सिल्व्हर दोन्हीही त्याला चिकटत नाहीत. चांदीचं हॉलमार्किंग ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक मिळतो, पण सुट्या हुकावर तो सापडण्याची अपेक्षा ठेवू नका. सोन्या मारुती चौकाजवळच्या ओळखीच्या सराफाकडून तार घेऊन स्वतः हुक वळवणं सर्वांत खात्रीचं.

सोनचाफी
घासून पाहिलं, आतून पांढरंच. मग काळे का पडतात? जोड कार्डावर लावून रबरबँडने बांधून डब्यात ठेवते, हवासुद्धा लागत नाही.

रसायनी
रबरबँडच कारण आहे. रबर व्हल्कनाइझ करताना गंधक घालतात, आणि बंद डब्यात त्याचा अंश चांदीपर्यंत पोचत राहतो. हवाबंद डब्यात उलट जास्त. पावसाळ्यातली ओल ती क्रिया आणखी वेगवान करते. लोकर आणि काही पुठ्ठे, तेही टाळा. रबरबँड काढा, प्रत्येक जोड छोट्या झिप पाऊचमध्ये हवा दाबून ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी.

आता काळे झालेले हुक: भांड्यात अॅल्युमिनियम फॉइल चकचकीत बाजू वर करून अंथरा. एक लिटर उकळतं पाणी, दोन मोठे चमचे खायचा सोडा, एक छोटा चमचा मीठ. हुक फॉइलला टेकलेच पाहिजेत, अधांतरी राहिले तर काही होत नाही. एक-दोन मिनिटांत काळेपणा जातो, कुजक्या अंड्यासारखा वास येतो. गंधक अॅल्युमिनियमकडे जातं आणि चांदी परत चांदी होते, म्हणजे धातू झिजत नाही. लगेच साध्या पाण्यात धुवून मऊ कापडाने कोरडे करा. ऑक्सिडाइज्ड काम यात कधीच बुडवू नका, मुद्दाम आणलेला काळा रंगही धुऊन जाईल.

सदाशिवपेठी
एवढं कशाला? टूथपेस्टने घासा. घरोघरी तेच करतात.

रसायनी
टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, चांदीवर बारीक चरे पडतात. देवाच्या जाड ताम्हनाला एकवेळ चालेल, ०.८ मिमीच्या तारेला नाही. घासायचंच असेल तर रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश.

चांदीवेडा
मेटल क्लेचे दागिने शुद्ध चांदीचे असल्यामुळे ९२५ पेक्षा हळू काळे पडतात. एवढंच सांगायचं होतं.

आळीतला_कारागीर
खरं आहे, पण शुद्ध चांदी मऊ. तिचा हुक वाकतो, म्हणून ९२५ चाच करतात. २० गेजची, म्हणजे साधारण ०.८ मिमीची तार, हुकाला ५ सेंमी. टोक कानशीने गोल करून बफ करा, धार राहिली तर कानाचं भोक ओरखडतं. आणि झाळलेली (डाग देऊन जोडलेली) दांडी मऊ पडते, तिला पक्कडीत धरून अर्धा पीळ द्या की परत ताठ होते. चांदीच्या खोबणीत क्ले बसवायची असेल तर झाळण, ॲसिडचं पाणी, काळं करणं, उजळणं हे सगळं आधी, क्ले सर्वांत शेवटी. क्ले बसवलेल्या खोबणीला नंतर टॉर्च दाखवता येत नाही. क्ले चांदीला नुसती चिकटतही नाही, खोबणीच्या तळाला चरे पाडून लिक्विड क्ले लावा म्हणजे पकड बसते.

सोनचाफी
पट्टी भाजली. थर्मामीटर आणला, बटण ११० वर असताना तो ९५ दाखवत होता. आता बटण १४५ ला नेल्यावर १२८ वर थांबतो. पट्टी वाकली, तुटली नाही! टॉप्सच्या दांड्या इपॉक्सीने बसवतेय. पण भोकापाशी आधीच बारीक चीर गेलेली लटकन भाजून जुळतील का?

मृद्गंधा
चीर भाजून जुळत नाही. चिरेत लिक्विड क्ले मुरू दे, जास्तीची पुसून घे, मग भाज. चीर काठापर्यंत गेली असेल तर ते लटकन बाजूला ठेव, विकू नकोस. भोक काठापासून ३ मिमी आत हवं. कच्च्या क्लेत टूथपिक खुपसली की कड फुगते आणि ताण तिथेच साठतो. भाजून गार झाल्यावर १.२ मिमीच्या बिटने हाताने ड्रिल कर. कडी ५ मिमीची, आणि उघडताना टोकं पुढे-मागे सरकव, बाहेर फाकवू नकोस. फाकवलेली कडी पूर्ण मिटत नाही आणि नंतर भोकाच्या काठाला कापत राहते.

गौरी_बिबवेवाडी
प्रदर्शनात उन्हात टेबल आलं तर? क्ले मऊ पडेल का?

भट्टीवाला
नीट भाजलेली पडत नाही. कच्चे गोळे मात्र उन्हात नेऊ नका. बंद गाडीत ठेवलेली क्ले पाकिटातच कडक व्हायला लागते. गिऱ्हाइकाला कार्डावर एवढं छापून द्या: अत्तर आणि केसांचं तेल आधी, कानातलं शेवटी. नेलपॉलिश रिमूव्हर लागू देऊ नका.