लकव्याच्या चाचणीच्या कागदावर सही करायची की नाही?

जांबोटीकर

चार दिवस झाले, आपल्या खानापूर-बेळगाव भागात एक पोस्ट फिरतेय. मजकूर थोडक्यात असा: ‘लकव्याचा पेशंट मोठ्या दवाखान्यात नेला की आधी कागद पुढे करतात. सही करू नका. गरिबांच्या मेंदूवर प्रयोग चाललेत. त्यापेक्षा पाल्याचं औषध देणाऱ्याकडे न्या, तीन रविवारांत माणूस चालायला लागतो.’ आमच्याच गल्लीतल्या सात-आठ जणांनी ती पुढे पाठवली. मला राहवलं नाही.

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत माझ्या बाबांच्या अंगावरून वारं गेलं. पहाटे सहाला धार काढताना चरवी हातातून सुटली. दूध शेणात सांडलं आणि बाबा त्या दुधाकडे नुसते बघत राहिले, बोलेनात. ओठ उजवीकडे लोंबत होता. आम्ही काय केलं? कोमट तेल चोळलं. मग ट्रॅक्स गाडी सांगून नाकात थेंब सोडणाऱ्याकडे नेलं. तिथं रांग होती. बेळगावात पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. सीटी स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले, “गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. आता देता येत नाही.” आज बाबांना उजव्या हाताने चहाचा कप धरता येत नाही.

हे साडेचार तास कुणी ठरवले? अमेरिकेत १९९५ साली ६२४ पेशंटांची चाचणी पुरी झाली. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना औषध नसलेली बाटली, दोन्ही तीन तासांच्या आत. तीन महिन्यांनी बघितलं तर औषधवाल्यांत जवळजवळ पूर्ण बरे झालेले जास्त निघाले. तोटाही त्याच चाचणीने मोजून सांगितला: मेंदूत त्रासदायक रक्तस्राव औषधाच्या गटात ६.४ टक्के, दुसऱ्या गटात ०.६. पुढे २००८ मध्ये युरोपात ८२१ पेशंटांवर तीन ते साडेचार तासांचा काळ तपासला आणि मुदत वाढली. म्हणजे चौदाशेवर कुटुंबांनी सही केली, म्हणून आज हे इंजेक्शन आहे.

आणि पोस्टवाल्याने दोन वेगळे कागद एकच करून टाकलेत. हे इंजेक्शन आता सिद्ध झालेला उपचार आहे, त्याचा कागद उपचाराच्या संमतीचा. चाचणीचा कागद वेगळा, एखादा उपचार खरंच लागू पडतो का हे पेशंटांवर तपासायच्या अभ्यासात सामील होण्याचा. पोस्ट वाचून कुणी पहिल्या कागदावरही सही नाकारली, तर माणूस हातचा जाईल.

निपाणीचा मास्तर

जांबोटीकर, बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण ती पोस्ट अगदीच हवेतून आलेली नाही, आता माझं ऐका.

माझ्या मोठ्या भावाला लकव्याचा अटॅक आला तेव्हा आम्ही दोन तासांत दवाखान्यात होतो. नाव घेत नाही. एक तरुण मुलगा फाइल घेऊन आला. चौदा पानं, अर्धी इंग्लिश, अर्धी कन्नड. वहिनी मराठी चौथी शिकलेली. तो म्हणाला, “एमआरआय फुकट होतो, इथं आणि इथं सही.” तिने केली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या शिफ्टची सिस्टर बोलता बोलता म्हणाली, “हे स्टडीतले पेशंट.” तेव्हा आम्हाला कळलं. भाऊ अकराव्या दिवशी गेला. औषधाने गेला असं मी म्हणत नाही, मला तसं ठाऊकही नाही. पण वहिनी आजही विचारते, “मी सही केली म्हणून गेले का ओ?” त्या बाईला मी १९९५ ची चाचणी दाखवू?

हुक्केरीची अक्का

मी नर्स होते, आता रिटायर्ड. मास्तर, तुमच्या वहिनींच्या बाबतीत झालं ते सरळ सरळ चूक. चाचण्यांचे सरकारी नियम २०१९ चे आहेत. पेशंटला कळेल अशा साध्या भाषेत माहिती द्यायची, वाचता येत नसेल तर दवाखान्याशी संबंध नसलेला साक्षीदार बसवायचा, कागदाची एक प्रत घरच्यांच्या हातात द्यायची. प्रत मिळाली होती का?

पण ‘प्रयोग’ या शब्दाला इतकं भ्यायचं कारण नाही. आपल्याच जिल्ह्यात २००२ ते २००५ मध्ये बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर चाचणी झाली. १६२० बायका, खेड्यापाड्यांतल्या. मिसोप्रोस्टॉलची गोळी. जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं, २००६ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली याच कामासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घातली, त्यामागच्या पुराव्यात आपल्या बायका आहेत. मला त्याचा अभिमान आहे.

निपाणीचा मास्तर

प्रत मिळाली नाही.

आणि अक्का, त्या १६२० पैकी निम्म्या बायकांना रिकामी गोळी दिली ना? त्यांच्यात बारा टक्क्यांचं रक्त गेलंच. त्यांच्या घरी जाऊन अभिमान सांगाल?

हुक्केरीची अक्का

सांगेन. त्या काळी घरी किंवा उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या आमच्या हातात रक्त थांबवायचं औषधच नसायचं. रिकाम्या गोळीवाल्या बाईला तेच मिळालं जे चाचणी नसती तर सगळ्यांना मिळालं असतं. रात्री दोन वाजता कंदिलाच्या उजेडात भिजलेली लुगडी मोजली आहेत मी. तुम्ही वर्गात फळ्यावर गणितं मोजलीत. मला शिकवू नका.

अथणीचा पाटील

अक्का, मास्तर, जरा दमानं घ्या की.

मला भाषेवर बोलायचंय. माझी आई मराठी, शाळा कन्नड. प्रत्येक गोष्टीत मराठीवर अन्याय, हे रडगाणं आता पुरे. वडिलांना घेऊन मी आधी मिरजेला गेलो होतो. तिथं सगळे मराठी बोलणारे, तरी कुणी धड सांगिटलं नाही, बिल तेवढं मराठीत दिलं. नंतर इकडे आलो तर कन्नड डॉक्टरनं पेन घेऊन मेंदूचं चित्र काढून दाखवलं. सांगायची इच्छा पाहिजे, भाषा कुठलीही असू दे.

शहापूर पेठ

रडगाणं? पाटील, तुम्हाला दोन्ही येतात म्हणून तुम्हाला सोपं आहे. माझ्या सासूबाई आयुष्यभर मागावर बसल्या, त्यांना कन्नड कामापुरतं येतं. ‘किती वार, किती रुपये’ एवढं. ‘तुमच्या मेंदूत रक्त जायची जोखीम आहे’ हे त्यांना त्या भाषेत कळणार नाही. २०२३ साली महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले जनआरोग्य ही आपली उपचारखर्चाची योजना लागू केली तर इकडे केवढा गदारोळ झाला! तिकडच्यांना आम्ही फक्त १ नोव्हेंबरला, काळ्या दिवशी, आठवतो, इकडच्यांना मतदानाला. आजारी पडल्यावर आम्ही कुणाचे?

अथणीचा पाटील

हे बघा, लगेच काळा दिवस आला. मेंदूच्या आजाराचा धागा आहे हा. सीमाप्रश्न कोर्टात २००४ पासून आहे, तिथंच राहू दे.

शहापूर पेठ

कागद कुठल्या भाषेत हवा हा सीमाप्रश्न नाही. पेशंटचा प्रश्न आहे. आणि ‘रडगाणं’ हा शब्द मागे घ्या.

चिकोडीचा फिजिओ

भाषेचं चालू द्या, मी मूळ प्रश्नावर येतो, कारण माझी धारणा एका चाचणीनेच मोडली.

मी कितीतरी वर्षं घरच्यांना शिकवत आलो: असा हात उचला, असं बसवा, तुम्हीच फिजिओ व्हा. गावातून रोज येणं कुणाला परवडतं? मला खात्री होती की हे केलं की पेशंट लवकर सुधारतो. मग २०१७ मध्ये भारतातल्याच १४ दवाखान्यांतली चाचणी आली, १२५० पेशंट. निम्म्यांच्या घरच्यांना नीट शिकवलं, निम्म्यांना नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मेलेले किंवा परावलंबी राहिलेले सारखेच: ४७ टक्के. मी तो लेख तीनदा वाचला. त्याआधी २०१५ मध्ये २१०४ पेशंटांच्या चाचणीत दिसलं होतं की पहिल्या चोवीस तासांतच पेशंटला वारंवार उठवलं, चालवलं तर उलट कमी लोक बरे होतात. आम्हीच मोठ्या हौसेने उठवत होतो.

चाचणी औषध कंपनीच्या फायद्याचंच बोलते, असं पोस्टवाल्याला वाटतं. ती माझ्या पोटावरही पाय देऊ शकते, आणि दिला. तरी मी म्हणतो, सही करा. नाहीतर माझ्यासारखे लोक चांगल्या मनाने चुकीचं करत राहतील.

शहापूर पेठ

माझ्या नवऱ्याला झोपेत श्वास अडकायचा त्रास आहे, झोपताना लावायचं श्वासाचं मशीन घेतलंय. त्याने लकवा टळतो म्हणून विकलं आम्हाला. खरं काय?

चिकोडीचा फिजिओ

ताई, २०१६ ची मोठी चाचणी आहे, सात देशांत, भारतही त्यात होता. ज्यांना आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता अशांत त्या मशीनने पुढचे हृदयाचे किंवा लकव्याचे अटॅक कमी झाले नाहीत. पण लोकांनी ते रात्री सरासरी ३.३ तासच लावलं होतं. दिवसाची पेंग आणि घोरणं मात्र कमी झालं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

निपाणीचा मास्तर

फिजिओसाहेब, तुमचा प्रामाणिकपणा मान्य. माझा प्रश्न तसाच आहे. लकव्यात पेशंटला बोलता येत नाही, समजत नाही. घरचे घाबरलेले. अशा वेळी घेतलेल्या सहीला संमती म्हणायचं?

जांबोटीकर

मास्तर, हा प्रश्न मलाही पडतो. २००६ साली एका न्यूरॉलॉजिस्टने हिशोब मांडला होता: मोठी रक्तवाहिनी तुंबली की उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. चौदा पानं सावकाश समजावायला वीस मिनिटं धरली तर ३ कोटी ८० लाख पेशी गेल्या. म्हणून कागद छोटा पाहिजे, आपल्या भाषेत पाहिजे, आणि ‘नाही म्हटलं तरी नेहमीचे उपचार थांबणार नाहीत’ हे पहिल्याच ओळीत पाहिजे. हे वहिनींना कुणी सांगितलं असतं तर आज त्या तुम्हाला तो प्रश्न विचारत बसल्या नसत्या.

वाचा उपचार, टिळकवाडी

मी लकव्यानंतर बोलणं गेलेल्यांबरोबर काम करते. भाषेवरून इतकं भांडलात म्हणून सांगते.

हैदराबादच्या निम्स या दवाखान्यात लकव्याच्या ६०८ पेशंटांचा अभ्यास झाला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांपैकी ४०.५ टक्के लोकांची स्मरण-विचारशक्ती लकव्यानंतरही शाबूत राहिली. एकच भाषा येणाऱ्यांत १९.६ टक्के. वाचा जाण्याचं प्रमाण मात्र दोघांत सारखंच. पाटील, तुमची आई मराठी आणि शाळा कन्नड, ही तुमची पुंजी आहे. आणि शहापूरच्या ताई, सासूबाईंचं मागावरचं कन्नडही वाया गेलेलं नाही.

पण माझ्या टेबलापाशी बसून बघा. बाजारात चाळीस वर्षं कन्नड बोललेला माणूस लकव्यानंतर एकाच भाषेत अडकतो. कोणती टिकेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून मी दोन्ही भाषांत विचारते. कागदही दोन्हीत हवा, यात कुणाची हार नाही.

जांबोटीकर

हे वाचून हात थांबले. आमच्या घरी कधी कन्नड बोललं गेलं नाही. बाबा तरुणपणी धारवाडला हमाली करायचे. आता तहान लागली की ते ‘पाणी’ म्हणत नाहीत, ‘नीरू’ म्हणतात. आईला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. ती रडायची. मी आजच तिला सांगतो.

अथणीचा पाटील

‘रडगाणं’ मागे घेतो. सासूबाईंना कळेल असाच कागद पाहिजे. योजनेबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही.

शहापूर पेठ

बरं. योजनेवर पुन्हा कधीतरी. तयारीनिशी या.

निपाणीचा मास्तर

मी सरसकट ‘सही करा’ म्हणणार नाही, ते माझ्याच्याने होणार नाही. पण ‘सही करूच नका’ ही पोस्ट मीही पुढे पाठवली होती, ती आज काढून टाकली. नाकात थेंब सोडणाऱ्याकडे कुणी जाऊ नये, एवढं माझ्या विद्यार्थ्यांच्या पालकांना सांगेन. माझी अट एकच: मराठी कागद, साक्षीदार, आणि प्रत हातात. चाचणी नोंदलेली आहे का हे कुठे कळतं?

हुक्केरीची अक्का

भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही इंटरनेटवर आहे, २००७ पासून. नंबर कागदावर असतो, तो टाकून कुणालाही फुकट बघता येतं. नसेल तर सही नाही.

मास्तर, रागात बोलले, मनात ठेवू नका. एक काम करू. एका पानाचा मराठी नमुना आपणच लिहू आणि दवाखान्यातल्या चाचण्यांना परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीला देऊ. मी सुरुवात केलीय, ‘रँडमायझेशन’वर अडलेय. ‘यादृच्छिक’ लिहिलं तर माझ्या बहिणीलाही कळत नाही. ‘चिठ्ठी टाकून ठरवतात’ लिहू का?

निपाणीचा मास्तर

चिठ्ठी नको, वहिनीला जुगार वाटेल. असं लिहा: ‘कुणाला कोणतं औषध हे कॉम्प्युटर ठरवतो. डॉक्टरांच्या हातात नसतं, तुमच्याही नाही.’

शहापूर पेठ

‘तुमच्याही नाही’च्या पुढे लगेच लिहा, ‘बाहेर पडणं मात्र कधीही तुमच्या हातात.’ सासूबाईंना वाचून दाखवते, कुठे अडखळल्या ते रात्री कळवते.