तिशीनंतर जागा बदलणारे फुटबॉलपटू: कोणाला जमतं, कोणाचं फसतं?

डावा_खांब:

नावाजलेल्या खेळाडूंच्या कारकिर्दी शेजारी शेजारी मांडल्या की तिशीच्या आसपास एक वळण बऱ्याच जणांत सापडतं: मैदानावरची जागा बदलते. गिग्ज डाव्या विंगवरून (मैदानाच्या कडेवरून) मधल्या फळीत आला. क्रिस्तियानो रोनाल्डो विंग सोडून थेट गोलसमोर. मालदिनी लेफ्ट बॅकचा (डाव्या कडेचा बचावपटू) सेंटर बॅक (बचावफळीच्या मधला) झाला, मॅटहॉस मिडफिल्डमधून (मधल्या फळीतून) मागे सरकून स्वीपर, म्हणजे बचावफळीच्याही मागे उभा राहणारा जादा माणूस. पिर्लो तर दहा नंबरच्या जागेवरून (आघाडीच्या लगेच मागे, गोल रचून देणाऱ्याची जागा) पार बचावफळीच्या पुढ्यात आला. उलट आघाडीवरच्या रूनीला मिडफिल्डर करून पाहिलं, ते काही जमलं नाही.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्यात. पायातलं नेमकं काय आधी जातं? कुठून कुठे सरकणं सोपं असतं आणि का? आणि एका खेळाडूची जागा बदलली की बाकीच्या दहा जणांवर काय येतं? "जिद्द आणि मेहनत" हे उत्तर कृपया नको, त्या पातळीवर ती सगळ्यांकडेच असते.

मांडीचा_स्नायू:

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

"वय झालं, आता पळवत नाही" हे अर्धंच खरं. एका सामन्यात गोलरक्षक सोडून बाकीचे साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतात आणि पस्तिशीतला मिडफिल्डरही त्याच्या जवळपास जातो. एकूण अंतर फारसं घटत नाही. घटते ती एकामागून एक स्प्रिंट (पूर्ण वेगातली छोटी धाव) मारायची ताकद. एक स्प्रिंट जवळपास जुन्या वेगाने निघते, पण वीस-तीस सेकंदांत दुसरी मारायची वेळ आली की पाय मागे राहतो. आकडेवारीत बहुतेकदा ताशी २५ किलोमीटरच्या वरचं धावणं स्प्रिंट म्हणून मोजतात. हे धावणं सगळ्यात जास्त करावं लागतं विंगरला आणि वर चढणाऱ्या साइड बॅकला, सगळ्यात कमी सेंटर बॅकला. मधल्या फळीतला खेळाडू अंतर सगळ्यात जास्त कापतो, पण त्यातलं बरंचसं मध्यम वेगातलं असतं. त्यामुळे वय वाढलं की माणूस कडेकडून मध्याकडे सरकतो.

दुसरी भानगड हॅमस्ट्रिंगची. पूर्ण वेगात धावताना पाय पुढे फेकला जातो आणि जमिनीला टेकण्याच्या आधीच्या क्षणी मांडीच्या मागचा स्नायू एकाच वेळी ताणला जातो आणि ब्रेकही लावत असतो. फाटतो तो बहुधा तिथेच. आणि एकदा फाटला की पुन्हा फाटायची शक्यता वाढते. आधीची दुखापत आणि वय हे त्यातले सगळ्यात मोठे दोन धोके.

गिग्जला हाच त्रास होता. त्याने दोन गोष्टी केल्या: योगासनं हा सरावाचा कायमचा भाग केला आणि सामन्यातल्या लांब स्प्रिंट कमी होतील अशी जागा घेतली. मँचेस्टर युनायटेडसाठी ९६३ सामने, शेवटचा २०१४ मध्ये, वयाच्या चाळिशीत. नुसत्या योगासनांनी ते झालं नसतं आणि नुसत्या जागाबदलानेही नाही.

याच्या विरुद्ध टोकाला लिव्हरपूलचा आघाडीपटू ओवेन. एप्रिल १९९९ मध्ये लीड्सविरुद्ध हॅमस्ट्रिंग गेली तेव्हा तो १९ वर्षांचा होता. २००१ चा बॅलन डी'ऑर (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) त्यानंतरचा आहे, तरी सुरुवातीचा तो वेग पूर्ण परत आला नाही हे त्याने स्वतःच पुढे सांगितलंय. त्याचा सगळा खेळ बचावपटूच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत घुसण्यावर उभा होता. मागे येऊन चेंडू खेळवायची सवय नव्हती, मग सरकणार कुठे?

रेजिस्टा२१:

यादीत एक दुरुस्ती. पिर्लोचं वळण तिशीतलं नाही, ते २१ व्या वर्षातलं. २००१ च्या सुरुवातीला इंटरने त्याला उसना ब्रेशियाला दिला. तिथे दहा नंबरची जागा बाज्जोची होती, म्हणून प्रशिक्षक माझ्झोनेने पिर्लोला मागे ओढलं. त्या एप्रिलमधला युव्हेंटसविरुद्धचा गोल बघा: पिर्लोचा मैदानाच्या मधल्या भागातून बचावफळीच्या डोक्यावरून टाकलेला लांब चेंडू आणि बाज्जोने पहिल्याच स्पर्शात गोलरक्षक व्हान डर सारला दिलेली बगल. पुढे मिलानमध्ये अँचेलोत्तीने ती जागा पक्की केली.

मागे येऊन काय मिळतं? वेळ. दहा नंबरच्या जागेवर चेंडू येतो तेव्हा पाठीवर एक माणूस आणि समोर दुसरा असतो. बचावफळीच्या पुढ्यात अख्खं मैदान समोर दिसतं आणि विरोधी खेळाडू पाच-सात मीटर लांब असतो. ज्याची नजर चांगली पण पाय मंद, त्याला तेवढं पुरतं. पिर्लो चेंडू येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघून घ्यायचा. पास पायात पोचेपर्यंत पुढचा पास त्याच्या डोक्यात ठरलेला असायचा.

पण हे फुकट होत नाही. त्याच्या उजवीकडे गट्टुसो पळत होता. २०११ मध्ये करार संपल्यावर पिर्लो फुकटात युव्हेंटसला गेला, तिथे तेच काम विदाल आणि मार्किझिओने केलं. पहिल्याच मोसमात संघ लीगमध्ये अपराजित, ३८ पैकी २३ विजय आणि १५ बरोबरी, आणि एकूण सलग चार विजेतेपदं. दोघे पळणारे काढून घ्या, मग पिर्लोच्या दोन्ही बाजूंनी रस्ता मोकळा.

हे मोडायचं कसं तेही दिसलंय. २०१० च्या चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर युनायटेडचा प्रशिक्षक फर्ग्युसनने पार्क जी-सुंगला फक्त पिर्लोच्या मागे लावलं. चेंडू कुठेही असो, पार्क त्याच्या अंगाला चिकटून. दोन लढती मिळून मिलान ७-२ ने हरलं.

दुसरा_खांब:

> एका खेळाडूची जागा बदलली की बाकीच्या दहा जणांवर काय येतं?

हा प्रश्न नेहमी शेवटी विचारला जातो, खरं तर आधी विचारायला हवा. जागा बदलणं म्हणजे स्वतःच्या वाटचं धावणं दुसऱ्याच्या नावावर लिहिणं. लिहून घेणारा कोणी आहे का, यावर सगळं ठरतं.

क्रिस्तियानोचंच घ्या. रिआल माद्रिदकडून २०१४-१५ मध्ये लीगचे ३५ सामने, ४८ गोल. २०१६-१७ मध्ये प्रशिक्षक झिदानने त्याला बाहेरच्या मैदानावरच्या बऱ्याच सामन्यांना बसवलं, लीगचे २९ सामने आणि २५ गोल झाले. गोल कमी दिसतात, पण चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपासून पुढे पाच सामन्यांत १०: बायर्नला ५, अ‍ॅटलेटिकोला ३, अंतिम सामन्यात युव्हेंटसला २. वसंतात ताजे पाय मिळावेत म्हणून हिवाळ्यात विश्रांती, एवढा साधा हिशेब. आणि राखीव फळीत मोराता, हामेस, असेन्सिओ असल्यामुळे तो परवडला. बेल जखमी झाल्यावर इस्को मध्ये खेळला, डावी कड मार्सेलो सांभाळायचा आणि क्रिस्तियानो बेन्झेमाच्या शेजारी. त्याच्या हालचालीही बदलल्या. क्रॉस (कडेवरून आत टाकलेला चेंडू) येताना तो बचावपटूच्या नजरेच्या मागे, दूरच्या खांबाकडे थांबायचा आणि शेवटच्या तीन-चार पावलांत पुढे यायचा. ३० मीटरची स्प्रिंट गेली, ४ मीटरची राहिली.

आता २०२१-२२ चं युनायटेड. त्याचे लीगमध्ये १८ गोल, संघात सर्वाधिक. संघ आदल्या मोसमात ७४ गुणांसह दुसरा होता, तो ५८ गुणांसह सहावा आला, ५७ गोल केले आणि ५७ खाल्ले. सगळं त्याच्या माथी मारू नका, प्रशिक्षक अर्ध्यात बदलला आणि मधली फळी आधीपासून कच्ची होती. पण पुढचा माणूस प्रेसिंग (चेंडू असलेल्या विरोधकावर धावून दबाव) करत नसेल तर मागचे सगळे दहा पावलं मागे उभे राहतात, आणि ते भरून काढणारं तिथे कोणी नव्हतं. तोच माणूस, तीच जागा, ताळेबंद वेगळा.

बेन्झेमा ही याची उलटी बाजू. क्रिस्तियानो असेपर्यंत तो बाजूला सरकून जागा करून द्यायचा. २०१८ नंतर ती जागा त्यालाच मिळाली. २०२१-२२ मध्ये ४६ सामन्यांत ४४ गोल आणि ३४ व्या वर्षी बॅलन डी'ऑर. त्याचे पाय काही तरुण झाले नव्हते, त्याच्या डोक्यावरचं काम बदललं होतं.

डावा_खांब:

हे उत्तम. मग रूनीचं काय चुकलं? पास होता, नजर होती, अंगावर जायची तयारीही होती. आणि रिआलच्या मधल्या फळीतल्या मॉड्रिचने तर जागाच बदलली नाही, तरी तो टिकला.

रेजिस्टा२१:

रूनीचा लांब पास सुंदरच, पण मधल्या फळीत दर पाच मिनिटांनी एक सुंदर पास देऊन भागत नाही. तिथे चेंडू दबावाखाली दहा वेळा घ्यायचा आणि दहाही वेळा जपायचा असतो. रूनीचा पहिला स्पर्श तिशीच्या आसपास जड झाला. आघाडीवर असा स्पर्श चुकला तर एक संधी जाते, मागे चुकला तर गोल बसतो. शिवाय त्याचं पदार्पण २००२ मधलं, सोळाव्या वर्षी. तिशी येईपर्यंत बाकीच्यांपेक्षा तीन-चार मोसम जास्त खेळून झाले होते. जन्मतारखेपेक्षा खेळलेली मिनिटं मोजावीत असं माझं मत. अपवाद आहेत, मेस्सी १७ व्या वर्षापासून खेळतोय, पण त्याला धडका कमी बसल्या आणि चालत चालत खेळायची सवय त्याने फार आधी लावून घेतली.

मागे येण्यातला धोका जेरार्डच्या २०१३-१४ मोसमात दिसतो. ३३ व्या वर्षी तो बचावफळीच्या पुढ्यात खेळत होता आणि लिव्हरपूल विजेतेपदाच्या दारात होतं. चेल्सीविरुद्ध मध्यंतराच्या तोंडावर साखोचा साधा आडवा पास त्याच्या पायाखालून निसटला, वळताना तो घसरला आणि डेम्बा बा मोकळा निघाला. घसरणं हा अपघात. पण तो शेवटचा माणूस होता, हा जागेचा परिणाम. त्या मोसमात संघाने १०१ गोल केले आणि ५० खाल्ले, मधली फळी किती उघडी होती ते यावरून कळतं.

मॉड्रिचबद्दल: जागा तीच राहिली, मिनिटं कमी झाली. पाच बदली खेळाडूंचा नियम २०२० मध्ये तात्पुरता आला आणि २०२२ मध्ये कायम झाला. वयस्क मिडफिल्डरना त्याने सरळ एक-दोन मोसम वाढवून दिले. शिवाय त्याची शस्त्रं पायाच्या वेगावर नव्हतीच. एप्रिल २०२२ मध्ये चेल्सीविरुद्ध ८० व्या मिनिटाला, वय ३६, बुटाच्या बाहेरच्या कडेने वळवत टाकलेला तो चेंडू थेट धावत्या रोद्रिगोच्या पायावर पडला. त्यासाठी त्याला पळावं लागलं नाही.

मांडीचा_स्नायू:

ज्यांना निवड करायची संधीच मिळाली नाही त्यांना या यादीत धरू नका, नाहीतर चित्र चुकतं. व्हान बास्टेनचा शेवटचा सामना मे १९९३ मधली चॅम्पियन्स लीगची फायनल, वय २८. घोटा. दोन वर्षं उपचार करून १९९५ मध्ये निवृत्ती. घोट्याची कूर्चा गेली की स्वीपर होऊनही उपयोग नाही, कारण पाय रोवणं प्रत्येक जागेवर लागतंच.

ब्राझीलच्या रोनाल्डोची गोष्ट जास्त शिकवणारी. नोव्हेंबर १९९९ मध्ये गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन जखमी झाला. एप्रिल २००० मध्ये लाझिओविरुद्ध परतल्यावर काही मिनिटांतच तो पूर्ण तुटला. ही दोरी वेगात असताना ब्रेक मारायला आणि पुन्हा उसळी घ्यायला लागते, म्हणजे त्याच्या त्या प्रसिद्ध ड्रिबलचा (चेंडू पायाशी ठेवून चकवत जाण्याचा) पायाच. परत आला तो वेगळा खेळाडू होता. २००२ च्या विश्वचषकातले ८ गोल काढून बघा. अंतिम सामन्यात ६७ व्या मिनिटाला जर्मन गोलरक्षक कानच्या हातून रिवाल्डोचा फटका सुटला आणि हा तिथे पोचलेला होता. ७९ व्या मिनिटाला रिवाल्डोने चेंडू मुद्दाम सोडला आणि याने खालून कोपऱ्यात मारला. दोन्हीत ड्रिबल शून्य. म्हणजे जागाबदल २५ व्या वर्षी झाला, आणि तो गुडघ्याने करायला लावला.

सेंटर_सर्कल:

मालदिनी आणि मॅटहॉसवर कोणी लिहिलं नाही म्हणून. मालदिनी मुळात उजव्या पायाचा, डावीकडे खेळून दोन्ही पाय तयार झालेले. सेंटर बॅकला हेच लागतं. शेजारी नेस्टा, त्यामुळे धावत पाठलाग करायची वेळ कमी यायची. ३८ व्या वर्षी, २००७ मध्ये, मिलानचा कर्णधार म्हणून युरोपियन विजेतेपद.

मॅटहॉसचा स्वीपर १९९० च्या दशकात चालला. पण २००० च्या युरो स्पर्धेत, वय ३९, जर्मनीने त्याला तिथेच ठेवलं, तोवर बाकीचे संघ सपाट बचावफळी लावून वर चढत होते. मागे एक जादा माणूस ठेवला की मधल्या फळीत एक कमी पडतो. तीन सामन्यांत एक गुण, गटात तळाला. त्याच्या पायांपेक्षा त्याची जागा जुनी झाली होती.

दुसरा_खांब:

आकडे स्वतः तपासणार असाल तर थोडं सांभाळून. एकूण गोल बघू नका, दर ९० मिनिटांमागे बघा आणि पेनल्टी वेगळ्या काढा. जागा गोलजवळ सरकली की पेनल्टीचा वाटा वाढतो आणि खेळाडू आहे त्याहून ताजा दिसतो. बदली म्हणून उतरलेली मिनिटं वेगळी ठेवा, दमलेल्या बचावासमोर दर फुगतो. एका मोसमावर निष्कर्ष काढू नका, दोन-तीन एकत्र घ्या. आणि त्याच मोसमांत संघाने खाल्लेले गोल शेजारच्या रकान्यात लिहाच.

उदाहरणार्थ २०२२ चा मेस्सी: विश्वचषकात ७ गोल, त्यातले ४ पेनल्टीवर, पोलंडविरुद्धची एक हुकलेली धरली नाही. नुसतं एवढं वाचलं तर कमी वाटेल. पण त्याच्या पायातून निघालेले पास आणि अर्जेंटिनाच्या डी पॉल, एन्झो, मॅकअ‍ॅलिस्टर, अल्वारेझ यांनी त्याच्या वाटचं केलेलं धावणं याचीही नोंद केली, तरच ३५ व्या वर्षी तो सामन्याचा बराच भाग चालत कसा काय खेळला याचा उलगडा होतो.