बोक्याने मागचा पाय अचानक वर धरलाय. आत्ताच न्यावं की सकाळपर्यंत थांबावं?

अर्धवट_झोपलेली

आमचा काळू. वय ७, नसबंदी झालेली, अंगाने चांगलाच भरलेला. रात्री बाहेर आणि पहाटे घरात, हा त्याचा शिरस्ता. आज संध्याकाळी झोपेतून उठला तो मागचा डावा पाय वर धरूनच. तीन पायांवर टुणटुण करत पाण्यापर्यंत गेला, दोन घोट प्यायला आणि जाऊन खुर्चीखाली बसला. ताटलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एरवी ताटलीचा आवाज आला की भिंत फोडून येईल असा प्राणी आहे हा.

पडताना कुणी पाहिलेलं नाही. काल दिवसभर सुस्त होता, पण मांजर सुस्त आहे याला लक्षण म्हणायचं तरी कसं? पाय लोंबत नाहीये, वाकडा दिसत नाहीये, रक्त नाही. हात नेला की गुरगुरतो.

घरात दोन तट पडलेत. आई म्हणते मुरगळला असेल, उद्या आपोआप चालेल. भाऊ म्हणतो आत्ताच्या आत्ता निघा. रात्री उघडा असणारा दवाखाना बराच लांब आहे आणि गाडीत काळूचा आकांत ऐकवत नाही. मला एवढंच सांगा, आत्ता की सकाळी हे कशावरून ठरवायचं? आणि तोवर दुखणं कमी व्हायला घरातलं काही देता येईल का?

---

टेबलापलीकडचा

मी डॉक्टर नाही. जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. डॉक्टर तपासत असताना मांजर धरून उभा असतो, तो मी. लंगडणारी मांजरं बरीच पाहिलीत, त्यांची नखंही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: काहीही देऊ नका. आपल्या डब्यातली एकही वेदनाशामक गोळी मांजराची नाही.

आता पहिला. पाय नेमका कुठे दुखतोय ते डॉक्टर बघतील. तुम्ही फक्त पंजे हातात घ्या. मागचे दोन्ही एकाच वेळी, एकेका हातात, मग पुढचे. दुखरा पंजा बाकीच्यांपेक्षा गार लागतोय का? पंजाखालच्या मऊ गादीचा रंग बघा, गुलाबी आहे की फिकट, निळसर? पायावर जोर येतो का, की पाय नुसता मागे फरपटतोय?

गार, फिकट आणि लुळा असेल तर रक्ताची गुठळी अडकल्याची शक्यता मोठी. मांजरांमध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार बराच आढळतो आणि तो बाहेरून कळत नाही. खेळतं, खातं, उड्या मारतं. हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते, ती सुटते आणि महाधमनीतून खाली येऊन जिथे मागच्या दोन पायांचे फाटे फुटतात तिथे अडकते. कधी एकच पाय जातो, कधी दोन्ही, क्वचित पुढचा. मांजर बहुतेक वेळा किंचाळतं, धापा टाकतं, मांडीचे स्नायू कडक लागतात. असं काही दिसलं तर पुढचं वाचू नका, निघा. शेक देऊ नका आणि चोळूही नका. रक्त पोचत नसलेल्या, बधिर झालेल्या पायाची कातडी गरम पिशवीने भाजते आणि मांजराला ते कळतही नाही.

पाय लोंबतोय, हाड बाहेर आलंय, उंचावरून पडलंय, गाडीचा धक्का बसलाय, तोंड उघडून श्वास घेतंय, लघवी झालेली नाही, यातलं काहीही असलं तरी आत्ताच.

पंजा ऊबदार, गादीचा रंग ठीक, श्वास शांत आणि तीन पायांवर का होईना चालतंय, तर सकाळी दवाखाना उघडताच नेलंत तरी चालेल. मात्र नेणं टाळायचं नाही. दिवस-दीड दिवस काही खाल्लं नाही तर जाड मांजराच्या यकृतात चरबी साचायला लागते, म्हणजे एकाचे दोन आजार.

---

सोपं_ठेवा

एवढं घाबरवू नका हो. आमच्या मांजराला लहान मुलांचं पॅरासिटामॉलचं सिरप दिलं होतं थोडंसं. काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी पळत होती.

---

टेबलापलीकडचा

तुमची वाचली, आनंद आहे. पण हे वाचून इथे अजून कुणी बाटली उघडेल म्हणून स्पष्ट लिहितो. पॅरासिटामॉल शरीराबाहेर टाकायला यकृतात जे काम व्हावं लागतं ते मांजराच्या यकृतात नीट होतच नाही. विषारी भाग रक्तात राहतो आणि तांबड्या पेशींची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काढून घेतो. हिरड्या चॉकलेटी होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. मोठ्या माणसाची एक गोळी मांजर मारायला पुरते. चुकून पोटात गेलंच तर त्यावर औषध आहे, पण वेळेत पोचलात तरच त्याचा उपयोग. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकही बाद. ‘थोडंसं’ हे मांजराच्या बाबतीत माप नाही.

---

अर्धवट_झोपलेली

तपासलं. भावाने टॉवेलात गुंडाळून धरला, मी पंजे पाहिले. एक अडचण: काळूच्या गाद्याही काळ्याच आहेत! रंगाचं काही कळेना. पण गार अजिबात नाही. उलट डावा पाय उजव्यापेक्षा गरम आहे, कानही तापलेत. बोटांमध्ये हलकं दाबल्यावर पाय झटकन ओढून घेतला आणि मला ज्या नजरेने पाहिलं ती इथे लिहिण्यासारखी नाही. श्वास मोजले, मिनिटाला २६. मांडीच्या मागच्या बाजूला, शेपटीच्या जरा खाली, हात गेला की ओरडतो. तिथे केस चिकटल्यासारखे आहेत.

---

टेबलापलीकडचा

छान तपासलंत. काळ्या गाद्यांना रंगाची परीक्षा लागू नाही, तिथे ऊबच बघायची.

लक्षणं चाव्याची वाटतायत. केस चिकटलेत तिथे बोटांनी केस बाजूला करून बघा, तांदळाच्या दाण्याएवढी खपली असेल, कदाचित शेजारी दुसरी. मांजराचा सुळा सुईसारखा आत जातो, वरची कातडी लगेच मिटते आणि जंतू आत बंद होतात. दोन-चार दिवसांनी तिथे गळू धरतं. म्हणून मारामारीच्या दिवशी काही दिसत नाही आणि नंतर एकदम ‘अचानक’ लंगडायला लागतं. रात्री बाहेर फिरणाऱ्या मांजराच्या लंगडण्यामागे हे अगदी नेहमीचं कारण. जागाही नमुनेदार आहे, शेपटीच्या बुडाशी चावा म्हणजे पळताना मागून मिळालेला. काळूसाहेब ती लढाई हरलेत.

दाबून पू काढायला जाऊ नका. आत्ता एका लहान खोलीत ठेवा, उडी मारायला काही नसेल अशा. पाणी आणि मातीचा ट्रे जवळ, ट्रेची कड बुटकी. सकाळी नेताना पेटीचं वरचं झाकण निघत असेल तर ते काढून आत ठेवा, दारातून कोंबू नका. दुखरी मांडी दाबली गेली की पुढच्या वेळी तो पेटी बघूनच पळेल. रात्रीत पाय गार पडला किंवा श्वास वाढला तर मात्र सकाळची वाट बघायची नाही.

---

गॅलरीतली_सायली

काळूचं गळूच निघो. पण गार पायाबद्दल वर जे लिहिलंय त्यातून आम्ही गेलोय, म्हणून लिहिते.

आमची मनी पलंगावरून उतरली आणि जो आवाज तिने काढला तो मांजराचा आहे हे मला पटेचना. मागचे दोन्ही पाय लुळे. पुढच्या पायांवर अंग ओढत कपाटामागे निघाली होती. गुलाबी गाद्या जांभळट झालेल्या. डॉक्टरांनी पायाचं एक नख थोडं खोल कापून दाखवलं, रक्त आलंच नाही. त्यांनी काही लपवलं नाही. दोन्ही पाय गेलेले असतील आणि अंगाचं तापमान खाली आलं असेल तर बरीच मांजरं वाचत नाहीत, आणि वेदना एवढी असते की तिला इंजेक्शनने कायमचं झोपवून देणं हाही योग्य निर्णय असू शकतो. आम्ही दुसरा घेतला. आधी वेदनेवर कडक औषध, मग ऑक्सिजन, मग हृदयाची सोनोग्राफी. एक पाय बराचसा परत आला. दुसऱ्याचा पंजा चालताना अजूनही उलटा पडतो.

आता तिला गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल चालू आहे, ७५ मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग रोज. तो पाव भाग इतका कडू की नुसता दिला तर तोंडाला फेस येतो आणि गोळी चादरीवर. रिकाम्या जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरून दिली की निमूट गिळते. दुसरं काम म्हणजे ती गाढ झोपेत असताना श्वास मोजणं. मिनिटाला ३० च्या वर सतत गेले की डॉक्टरांना फोन. काळूचे २६ जागेपणी आणि रागात आलेत, तेव्हा त्याची काळजी नको.

---

अर्धवट_झोपलेली

सायलीताई, मनीचं वाचून हात थरथरले. तिला माझ्याकडून हळूच खाजवा.

आमच्याकडची बातमी: गळूच. केस कापल्यावर दोन भोकं स्वच्छ दिसली. ताप ४०.३ सेल्सिअस होता (डॉक्टर म्हणाल्या, ३९.२ पर्यंत मांजराचं नेहमीचं). गुंगी देऊन चीर दिली, आणि जे निघालं त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. आत धुऊन एक मऊ रबरी पट्टी ठेवलीय, पू वाहत राहावा म्हणून. गळ्यात प्लास्टिकचा भोंगा. जंतूंविरुद्धच्या गोळ्या आणि मांजरांसाठीचं वेदनेचं औषध दिलंय. संध्याकाळी घरी आल्या आल्या भोंग्यासकट ताटलीत तोंड घातलं. ताटली भोंग्याच्या आत, काळू भोंग्याच्या आत, आणि आतून चपचप आवाज.

आता दोन शंका. जखम घरातल्या अँटिसेप्टिकने धुतली तर चालेल का? आणि गोळी गिळतो, पण नंतर बराच वेळ मान ताणून ढेकर दिल्यासारखं करतो, ते का?

---

टेबलापलीकडचा

पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं अँटिसेप्टिक मांजराच्या जवळही नेऊ नका. त्यातली फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराला पचत नाहीत आणि अंगाला लावलेलं ते चाटतंच. हायड्रोजन पेरॉक्साइडही नको, नवी धरणारी कातडी जाळतं. उकळून कोमट केलेलं अर्धा लिटर पाणी, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ. कापसाने नाही, जाळीच्या कापडाने पुसा, कापसाचे धागे जखमेत राहतात. वर खपली धरली तर कोमट ओल्या कापडाने मऊ करून निघू द्या. तोंड लवकर बंद झालं की आत पुन्हा पू.

गोळी बहुधा घशाखाली अडकते. मांजराची अन्ननलिका कोरडी गोळी बराच वेळ धरून ठेवते, आणि डॉक्सिसायक्लिनसारखी जंतूंविरुद्धची असेल तर तिथे जखमही होते. गोळीमागून सुई काढलेल्या सिरिंजने ५-६ मिलिलिटर पाणी गालाच्या बाजूने हळूहळू द्या, किंवा लगेच आवडीचा घास. कोणती गोळी आहे ते पाकिटावर बघून दवाखान्यात एकदा विचारा.

ती रबरी पट्टी काळूने ओढून काढली तर परत आत सारू नका, दवाखान्यात फोन करा. सगळं ठीक असलं तर डॉक्टर ती साधारण तीन ते पाच दिवसांत काढतात. आणि ज्याने चावलं ते मांजर कुणाचं, लस घेतलेलं की नाही, हे माहीत नाही ना? मग काळूच्या रेबीजच्या लशीची तारीख बघून डॉक्टरांना आजच सांगा. एफआयव्ही, म्हणजे मांजराची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू, तोही मुख्यतः चाव्यातूनच पसरतो. त्याची तपासणी लगेच केली तर काही दिसत नाही, दोनेक महिन्यांनी करून घ्या.