ग्वालिया सहल: मिनीबस आणि अंधार

मेधा:
मंडळी, मिनीबसचा करार आला. सूर्यास्तानंतर शहराबाहेर चालवायची नाही. कांगारू धडकला तर विमा लागू नाही. जूनच्या लाँग वीकेंडला तिकडे सव्वापाचच्या आसपास अंधार पडतो. पर्थहून ग्वालिया, म्हणजे ते ओसाड पडलेलं खाणगाव, साधारण ८३० किलोमीटर, नुसतं चालवायचंच नऊ तास. चहापाणी, पोरांची शू-शी वेगळी. उद्या दुपारपर्यंत पैसे भरायचेत. बोला.

श्रीकांत:
मेधाताई, वेव्ह रॉकच्या सहलीहून आपण रात्रीच परतलो होतो. कोणी विचारलं? पहाटे चारला निघू.

रेवती:
तेव्हा गाड्या आपापल्या होत्या. आणि बंपर कोणाचा गेला ते सगळ्यांना ठाऊक आहे, मला बोलायला लावू नका. पहाटे चारला काय उजेड असतो? शनिवारी कालगुर्लीपर्यंत ६०० किलोमीटर, तिथेच मुक्काम. रविवारी ग्वालिया, जाऊन-येऊन ४७०. सोमवारी परत.

श्रीकांत:
मग ग्वालियात राहायची मजा गेली. हर्बर्ट हूवर तिथल्या खाणीचा मॅनेजर होता, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच्या बंगल्यात आता राहता येतं. सहल समितीत हे ठरलेलं आहे, इथे पुन्हा मतदान नको.

रेवती:
बंगल्यात खोल्या मोजक्या, आपण चौदा. समितीने मोजल्या होत्या का?

नानाकाका:
ग्वालिया म्हटलं की मला अजून गवालिया टँकच आठवतो! इथलं नाव मात्र वेल्सवरून पडलंय. आम्ही दोघं गेलो होतो, ही तेव्हा होती. पत्र्याची घरं, आतून गोणपाट, त्यावर चुना. इटालियन खाणकामगारांची बरीचशी. २८ डिसेंबर १९६३ ला खाण बंद झाली, म्हणजे नाताळ होऊन तीन दिवस, आणि तीनेक आठवड्यांत हजारावर वस्तीची उरली चाळीसेक माणसं. आमच्या लालबागला गिरण्या बसल्या तेव्हा वडील म्हणाले, खोली सोडायची नाही. इथे लोकांनी घर तसंच टाकलं. ही एका चुलीपुढे बराच वेळ उभी होती, म्हणाली, पोळ्या नीट होतील हिच्यावर. असो. मला पुढची सीट लागेल, गुडघा.

श्रीकांत:
काका, खाण आता पुन्हा चालू आहे, शेजारीच. सोन्याचा भाव बघा.

विद्या:
पोळ्यांवरून आठवलं, तिखटमिठाच्या पुऱ्या मी आणते. दशम्या कोणी आणू नका, मागच्या वेळी उरल्या. पाण्याच्या पाइपलाइनजवळ थांबू तेव्हा खाऊ. पर्थजवळच्या मंडारिंगपासून कालगुर्लीपर्यंत रस्त्याच्या कडेने येते ती, १९०३ ची. मुलांना दाखवायचीच आहे.

मेधा:
कालगुर्लीला मुक्काम, दोन रात्री. करार त्याप्रमाणे करतेय. श्रीकांत, समितीची बैठक हवी तर बसमध्ये घ्या. काका, पुढची सीट तुमची.

विद्या:
मंडळाचा मोठा कुकर कोणाकडे आहे? वेव्ह रॉकपासून दिसला नाही.

श्रीकांत:
माझ्याकडे. शिट्टी नाही, पण ती नव्हतीच.

रेवती:
होती.