गवत उपटून झाडं लावली की मातीतला कर्ब वाढतो म्हणे!

मातीमोल

परवा इथे ‘जमिनीतला कर्ब दुप्पट करा’ असा लेख आला. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गवताळ माळ म्हणजे वाया गेलेली जमीन, तिथे झाडं लावा. पिकाखालच्या जमिनीत नांगर घालणं थांबवा. काही वर्षांत सेंद्रिय कर्ब (म्हणजे झाडपाला, मुळं कुजून मातीत राहिलेला कार्बन, जो नाहीतर हवेत गेला असता) दुप्पट होईल आणि तापमानवाढीचं संकट टळेल. खाली वाहवांची रांग. तिथे प्रतिसाद लिहायला बसलो, तो इतका लांबला की वेगळा धागाच काढतोय.

गवताळ जमीन ‘वाया गेलेली’ हे कुणी ठरवलं? गवताचा बराचसा माल जमिनीखाली असतो. मुळं मरतात, पुन्हा फुटतात, आणि मुळांमधून आलेला कर्ब मातीच्या कणांना जास्त टिकून चिकटतो. झाडाचा पालापाचोळा वरच पडतो आणि वरच कुजतो. गुओ आणि गिफर्ड या संशोधकांनी २००२ मध्ये ७४ शोधनिबंधांची आकडेवारी एकत्र करून पाहिली. कुरणाचं रोपवन केलं तर मातीतला कर्ब सरासरी १० टक्के घटला. कुरण मोडून पीक घेतलं तर ५९ टक्के घट, जंगल तोडून पीक घेतलं तर ४२ टक्के. उलट पिकाखालची जमीन सोडून दिली आणि तिथे आपसूक जंगल आलं तर ५३ टक्के वाढ. म्हणजे झाडं कुठे लावता यावर सगळं आहे, आणि लेखात नेमकं तेच नाही.

दुसरं, हवामान. मातीत कर्ब किती राहणार हे आवक आणि जावक यांच्या वजाबाकीवर ठरतं. उष्ण आणि ओलसर ठिकाणी झाडोरा भरपूर, पण जिवाणूही तितक्याच जोमाने खातात. थंड आणि पाणथळ ठिकाणी आवक कमी असूनही थर साचत जातात, कारण कुजणंच मंदावतं. पीटच्या (अर्धवट कुजलेल्या झाडोऱ्याच्या थरांच्या) दलदली जगातल्या जमिनीच्या जेमतेम ३ टक्के भागावर आहेत आणि त्यांच्यात सुमारे ६०० अब्ज टन कर्ब आहे. जगभर एकच नुस्खा वाटत फिरणाऱ्यांनी निदान एवढं तरी बघावं.

हिरवा_कंदील

तो लेख माझा होता. धन्यवाद, एवढं प्रेम कुणी दाखवलं नव्हतं.

सरासरी १० टक्के म्हणालात, पण त्याच अभ्यासात ही घट मुख्यतः पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांखाली दिसली आणि रुंद पानांच्या झाडांखाली फारसा फरक पडला नाही, हे गाळलंत. सोयीचं तेवढंच उचलायचं! शिवाय लाकडातला कर्ब कुठे गेला? मातीत १० टक्के घटले आणि खोडात त्याच्या कित्येक पट जमा झाले तर हिशेब कुणाच्या बाजूने लागतो?

आम्ही ओसाड जमिनीवर झाडं लावली. आधी तिथे कुदळ मारली की ठिणगी उडायची. आज हाताने माती उकरता येते, खाली काळी, भुसभुशीत. तुमचे ७४ निबंध तिथे येऊन बसू देत सावलीत.

कुरणवाली

@हिरवा_कंदील, ‘ओसाड’ आणि ‘गवताळ’ एकच नाहीत. धूप होऊन उघडी पडलेली जमीन आणि हजारो वर्षांचं कुरण यांना एका मापाने मोजू नका. तुमच्या जागी झाडांनी फायदा झालाच असेल, नाही कोण म्हणतंय! पण तुमच्या लेखात शब्द होता ‘गवताळ माळ’.

आणि खोडातला कर्ब एका वणव्यात जातो. गवत जळलं तरी मातीखालचा बहुतांश साठा तसाच राहतो. कोरड्या, आगीच्या प्रदेशात झाडांच्या भरवशावर हिशेब मांडणं म्हणजे जुगार आहे.

माळावर खड्डे घेणाऱ्यांना आधी एकदा विचारा, तिथे काय उगवतं, कोण घरटी करतं. आम्ही वर्षानुवर्षं ओरडतोय. पडीक, पडीक, पडीक! नकाशावर हिरवं दिसत नाही म्हणून पडीक.

नांगरट_नको

झाडांचं तुमचं चालू द्या. नांगराबद्दल मात्र लेखक बरोबर आहेत. मी नांगर विकला. शेजाऱ्यांनी वेड्यात काढलं. आता माझ्या रानात पावसाचं पाणी मुरतं आणि त्यांच्या रानातून मातीसकट वाहतं. नांगरलं की मातीचे कण फुटतात, आत दडलेला कर्ब जिवाणूंना उघडा पडतो, हवा मिळते, संपला. माझ्या माती परीक्षणाचा अहवाल बोलतो: कर्ब ०.४ टक्क्यांवरून ०.८ वर. दुप्पट! लेखात हेच लिहिलंय की.

ब्युरेट

@नांगरट_नको, नमुना किती खोलीचा घेतलात?

नांगरट_नको

नेहमीचाच, १५ सेंमी. का?

ब्युरेट

मग ऐका, कारण हे सांगून माझा घसा कोरडा पडलाय. नांगरट थांबली की पिकाचे अवशेष वरच राहतात. वरच्या थरात कर्ब वाढतो, खालच्या थरात जो पूर्वी नांगराने गाडला जायचा तो आता जात नाही. वरचे १५ सेंमी तपासले की दुप्पट, ६० सेंमीपर्यंत खोदलं की बऱ्याचदा फरक उरतच नाही. २००७ मध्ये बेकर आणि सहकाऱ्यांनी हेच दाखवलं: वाढ सांगणारे जवळपास सगळे अभ्यास ३० सेंमीच्या आतच थांबलेले होते.

आता घनता. अहवालात असतात टक्के, साठा असतो हेक्टरी टनांत. १ टक्का कर्ब, घनता १.३ (एका घनसेंमीत १.३ ग्रॅम माती), खोली ३० सेंमी, म्हणजे हेक्टरी ३९ टन. तीच जमीन ट्रॅक्टरच्या चाकांनी दाबून घनता १.५ झाली की त्याच ३० सेंमीत ४५ टन. कर्बाचा एक कण न घालता ६ टन ‘वाढले’! पिंजलेली गादी आणि दबलेली गादी, कापूस तेवढाच. म्हणून तुलना समान खोलीची नाही, समान वजनाच्या मातीची करायची असते. कोण करतं?

आणि तो ०.४ चा आकडा तरी कसा येतो? वॉकली-ब्लॅक, १९३४ ची पद्धत. कर्ब जाळणारं डायक्रोमेट घाला, वरून सल्फ्युरिक ॲसिड, त्यातून सुटणाऱ्या उष्णतेवर जेवढं जळेल तेवढं जळू द्या, मग टायट्रेशन, म्हणजे किती डायक्रोमेट उरलं ते मोजायचं. सगळा कर्ब जळतच नाही. सरासरी ७७ टक्के पकडला जातो असं धरून उत्तराला १.३ ने गुणतात. प्रत्येक मातीत ७७ नसतात. मी प्रयोगशाळेत होतो तेव्हा एकाच पोत्यातली माती दोन नावांनी पाठवणारा एक गृहस्थ होता. दोन्ही अहवालांत इतका फरक आला की साहेबांनी त्यालाच झापलं!

आडवा_पाऊस

म्हणजे आता झाडं नकोत, नांगर बंद करून उपयोग नाही आणि अहवालही खोटा. धागा बंद करून झोपावं का?

नांगरट_नको

@ब्युरेट, पद्धत वाईट असेल, पण दोन्ही वेळी तीच पद्धत होती ना? मग फरक तरी खरा. की माझ्याच मातीचं वाकडं आहे तुम्हाला?

ब्युरेट

प्रयोगशाळा तीच? महिना तोच? शेणखत टाकल्यानंतर किती दिवसांनी? नमुना चाळणीतून घालताना काडीकचरा काढला? वाळलेलं मूळ मातीसोबत कुटलं गेलं की आकडा फुगतोच.

मातीमोल

मंडळी, धागा जमिनीच्या वापराबद्दल होता. ब्युरेटराव, प्रयोगशाळेचा वेगळा धागा काढा ना.

ब्युरेट

वेगळा कशाला? तुमचे ५९ आणि ४२ टक्के आभाळातून पडले का? तेही कुणीतरी असेच मोजले असणार. त्या एकत्रित अभ्यासातल्या कित्येक निबंधांत घनता मोजलेलीच नव्हती, अंदाजाने धरली होती. मापनाशिवाय वाद म्हणजे नुसती वाफ.

रासायनिक

यंत्र वापरा, विषय संपला. ९०० अंशांच्या वर माती जाळायची, निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा.

ब्युरेट

आणि चुनखडीच्या जमिनीत? तिथे कार्बोनेटचा कर्बही त्यातच येतो. आधी आम्लाने काढा नाहीतर वेगळा मोजून वजा करा. हे न करता ‘यंत्राने २ टक्के आला’ म्हणून नाचणारे पाहिलेत मी. कर्ब होता, पण दगडातला.

रासायनिक

हे मला शिकवू नका. चुनखडी आहे की नाही हे दोन थेंब आम्ल टाकून कळतं. तुमच्या साहेबांना तेवढंही जमत नसेल तर तो यंत्राचा दोष नाही.

ब्युरेट

साहेबांवर जाऊ नका. ते माझे साहेब होते, तुमचे नाही.

शेणखतवाला

एवढं सगळं झालं आणि शेणखताचं नाव अर्ध्या वाक्यात, तेही नमुना बिघडवणारं म्हणून? इंग्लंडमधल्या रोथमस्टेड संशोधन केंद्राच्या ब्रॉडबॉक शेतात १८४३ पासून दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत पडतंय. शेजारच्या बिनखताच्या पट्ट्याच्या दुपटीहून जास्त कर्ब आहे तिथे, आणि ती जमीन नांगरतात बरं! तिथेच हूसफील्डमध्ये एका पट्ट्याला १८५२ ते १८७१ शेणखत दिलं आणि बंद केलं. शंभर वर्षांनंतरही त्या मातीत कधीच खत न मिळालेल्या पट्ट्यापेक्षा जास्त कर्ब होता. नांगराच्या नावाने बोटं मोडण्यापेक्षा गोठा सांभाळा.

कुरणवाली

३५ टन शेणखत आलं कुठून? दुसऱ्या कुठल्या तरी शिवारातला चारा जनावरांनी खाल्ला तेव्हा. एका शेताची वाढ दुसऱ्याची तूट. पृथ्वीच्या हिशेबात किती उरलं ते सांगा.

शेणखतवाला

आमचं शेण आमच्याच शेतात पडतं, ताई. पृथ्वीचा हिशेब तुम्ही ठेवा.

हिरवा_कंदील

तुम्ही सगळे मिळून एकच सिद्ध करताय की काहीही करू नये. २०१५ मध्ये पॅरिसला ‘हजारी चार’चा संकल्प झाला, मातीतला कर्ब दरवर्षी ०.४ टक्क्याने वाढवायचा. जगभरचे तज्ज्ञ मूर्ख होते का?

मातीमोल

मूर्ख नव्हते, उत्साही होते. स्थिर सेंद्रिय पदार्थात साधारण १२ भाग कर्बाला १ भाग नत्र लागतं. शेतजमिनीत वर्षाला १.२ अब्ज टन कर्ब अडकवायचा तर सुमारे १० कोटी टन नत्र हवं. २०१७ मध्ये व्हॅन ग्रोनिगेन आणि सहकाऱ्यांनी हा हिशेब मांडला: जगाच्या तेव्हाच्या नत्रखत उत्पादनात तीनचतुर्थांश भर. ते खत बनवायला जाळलेला नैसर्गिक वायू कुणाच्या खात्यात टाकणार?

आणि वाढ कायम चालत नाही. आवक-जावक बरोबरीला आली की थांबते. पुन्हा नांगर घातला की चढताना लागलेल्या काळाच्या तुलनेत फार लवकर उतरते. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या जंगलात १९९१ पासून माती ५ अंशांनी तापवून पाहताहेत. २६ वर्षांत तिथून जादा कर्ब सुटला, टप्प्याटप्प्याने: काही वर्षं सुटायचा, काही वर्षं थांबायचा. म्हणजे तापमानच वाढलं तर साठवलेलंही सुटणार.

आडवा_पाऊस

मग सगळ्यात स्वस्त उपाय: दलदली कोरड्या करू नका, कुरणं मोडू नका. इंग्लंडमधल्या होम फेन या दलदलीत १८५१ मध्ये लोखंडी खांब पीटमध्ये जमिनीसपाट रोवला होता. निचरा केल्यावर जमीन खचत आणि कुजत गेली, आज तो सुमारे ४ मीटर वर आलाय. पण ‘न केलेल्या’ गोष्टीचे फोटो कोण काढणार, नाही का?

नांगरट_नको

काहीही म्हणा, नांगर काही मी परत आणत नाही. पाणी मुरतंय, डिझेल वाचतंय. कर्ब वाढला नसेल तर नसेल, गांडुळं तर अहवाल वाचून आलेली नाहीत.

ब्युरेट

हे मान्य. नांगर सोडण्याला माझा विरोध कधीच नव्हता, ‘दुप्पट’ला होता. पुढच्या वेळी ०-१५, १५-३० आणि ३०-६० असे वेगवेगळे थर घ्या, ठरावीक मापाच्या नळीने, म्हणजे घनताही निघेल. गांडुळांसकट पाठवू नका.

हिरवा_कंदील

बरं. कुरणावर झाडं नकोत. पिकातून सुटलेल्या आणि धूप झालेल्या जमिनीवर लावा, रुंद पानांची. झालं समाधान? माझं म्हणणं मुळात हेच होतं.

कुरणवाली

मुळात हे नव्हतं. लेखाचा तिसरा परिच्छेद काढून इथे चिकटवू का?

हिरवा_कंदील

चिकटवा. तोवर मी तो दुरुस्त करतो.